रोकामादूरला जाशील तेव्हा

लाडक्या लेकीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, इथे फ्रान्समध्ये देवाचं नाव काढलं की लोक विषय बदलतात आणि तू फ्रेंच कादंबऱ्यांत देव शोधत बसतेस!" तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, म्हणून आज सावकाश लिहिते.

विषय बदलतात हे खरं. 1905 च्या कायद्याने चर्च आणि सरकारची फारकत झाली, तेव्हापासून श्रद्धा ही तिथे घरातली गोष्ट. पण चारचौघांत जे निघत नाही, ते कादंबरीत मागच्या दाराने येतं.

फ्रेंच कादंबरीकार वेलबेकची 'सुमिस्यों' (म्हणजे 'शरणागती', 2015) घे. नायक प्राध्यापक, एकोणिसाव्या शतकातल्या ह्युइस्मान्स या कादंबरीकाराचा अभ्यासक. ह्युइस्मान्स चाळिशीनंतर कॅथलिक धर्माकडे वळला, म्हणून हाही त्याच्या मागावर. रोकामादूर या तीर्थक्षेत्री काळ्या मेरीच्या मूर्तीसमोर जाऊन बसतो. एकदा आत काहीतरी हलतं. मग वाटतं, काल जेवायचं राहिलं, साखर उतरली असेल. उठतो आणि खिन्नपणे पायऱ्या उतरून पार्किंगकडे जातो. पुढे लिग्युजेच्या मठात राहायला जातो, तर खोलीत धुराचा अलार्म. सिगारेट ओढता येत नाही म्हणून बेजार! वेलबेक बायकांबद्दल जे लिहितो ते मला मुळीच सहन होत नाही. पण ते पार्किंग मात्र खरं आहे गं. आपण सगळेच तिथवर येतो.

कारेर या फ्रेंच लेखकाचं 'ल रोयोम' (म्हणजे 'राज्य', देवाचं; 2014) वेगळं. तरुणपणी तीन वर्षं तो कट्टर श्रद्धाळू होता, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानावर टिपणं काढून वह्याच्या वह्या भरल्या. नंतर श्रद्धा गेली. म्हणून तो लूक आणि पॉल या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांच्या मागे लागतो, चौकशी करायला आल्यासारखा. शेवटी 'लार्श'च्या एका शिबिरात जातो. मतिमंद माणसांसोबत राहणाऱ्यांची ही संस्था जाँ व्हानिए यांनी 1964 मध्ये सुरू केली. तिथे अनोळखी माणसांनी एकमेकांचे पाय धुवायचे.

हे वाचताना मला तुझे आजोबा आठवले. शेवटच्या महिन्यात मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय धुवायचे. टाचांच्या भेगांत हळद बसलेली असायची. ते लाजून छताकडे बघायचे. मी काही देवभोळी नाही, तुला माहीत आहे. पण त्या वेळी घरात कुणी मोठ्याने बोललेलं मला चालायचं नाही.

त्याच शिबिरात डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी कारेरसमोर नाचते, त्यालाही ओढते, आणि क्षणभर त्याला ते 'राज्य' दिसतं. पुस्तकाचे शेवटचे शब्द मात्र 'मला माहीत नाही' असेच.

2020 मध्ये लार्शनेच चौकशी अहवाल जाहीर केला: व्हानिए यांनी किमान सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, तेही अध्यात्माच्या नावाखाली. मी पुस्तक फडताळात मागे सारलं. वर्षभराने काढून तेवढीच पानं पुन्हा वाचली. व्हानिए जिथे जिथे बोलतात तिथे घशात अडकलं. ती मुलगी मात्र अजून नाचतच होती.

तूलूझहून रोकामादूर फार लांब नाही. एखाद्या शनिवारी जा. 216 पायऱ्या आहेत, पूर्वी यात्रेकरू गुडघ्यांवर चढायचे. तू आपली पायांनी चढ. आणि आधी पोटभर खाऊन घे, म्हणजे वर काही वाटलंच तर साखर उतरली असं म्हणता येणार नाही.

तुझी,
आई