सातचा भोंगा सोसायट्यांतही वाजावा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही, मोबाइल बंद होतात. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी मुलांच्या हाती आलेला फोन नंतर सुटेना, म्हणून गावाने हे ठरवले. सर्वांत मोलाचे हे, की बंधन मोठ्यांनाही आहे. आमच्या सोसायटीत मुलाला ‘अभ्यासाला बस’ म्हणणारे आईबाप स्वतः रील्स सरकवत असतात. मूल ऐकणार कसे? एकट्याने व्हॉट्सॲप बंद ठेवले तर ग्रुपवरचे निरोप चुकतात. सगळ्यांनीच ठेवले तर कोणाचे काही अडत नाही. सोसायट्यांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय जरूर घ्यावा.

– एक पालक, पुणे