शिमगा झाला की निघा

ठाणे, 21 फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता, आणि आईने "ह्यांचं तुला ठाऊकच आहे" म्हणत विषय आमसुलांवर नेला असता. म्हणून लिहिते आहे. पत्राला मधेच तोडता येत नाही, तेवढा फायदा.

दादाने आणि मी सड्यावरची आणि खालच्या आगरातली आंब्याची कलमं यंदा दुसऱ्याला खंडाने दिली आहेत. शब्द दिला, विसारही घेतला. कागदावर सहीची जागा बाबांसाठी मोकळी ठेवली आहे, दादा शनिवारी येईल तेव्हा करायची. आणि शिमगा झाला, पालखी आपल्या खळ्यात येऊन गेली, की तुम्ही दोघांनी ठाण्याला यायचं, ते पाऊस लागेपर्यंत. मांडवी एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत, खालचे बर्थ मिळालेत.

रागावला असाल तर थोडा वेळ रागवा आणि पुढे वाचा.

मागच्या मे महिन्यात शिडीवर जे झालं त्याबद्दल मी काही लिहीत नाही. बाबा म्हणतात नुसती भोवळ, आई म्हणते बराच वेळ हाकेला ओ देत नव्हते. पण त्यानंतर आठ दिवसांतच बाबा पुन्हा आंबे उतरवायची घळ घेऊन सड्यावर गेले हे मला शेजारून कळलं, घरातून नाही. आई, तूसुद्धा सांगितलं नाहीस. माकडांमागे गलोल घेऊन धावणं, फवारणीच्या पंपाशी उभं राहणं, पेट्या भरायला रात्री जागणं, हे सगळं गड्यांकडून करून घेता येतं असं तुम्ही म्हणता. करून घेता आलं असतं तर तुम्ही शिडीवर कशाला चढला असतात? तुम्ही तिथे असलात की हात शिवशिवणार. म्हणून तिथून हलवायचं ठरवलं. यात बागेवरचा तुमचा हक्क काढून घ्यायचा विचार कुणाच्या मनात नाही, दादाच्या तर नाहीच. वर्षापुरताच खंड आहे. पुढल्या वर्षी तब्येत बघून तुम्हीच ठरवायचं.

अटी मी तुमच्याच तोंडून इतकी वर्षं ऐकलेल्या घातल्या. तुम्हाला विचारल्याशिवाय मोहोरासाठीचं ते कल्टार औषध झाडांना ओतायचं नाही. (वरच्या वाडीतली बाग आपण बघितली आहे. आधी डवरून गेली आणि आता नुसत्या काड्या.) आंबा चौदा आणे तयार झाला की लगेच उतरवायचा, घळीने, देठासकट. पाडलेला आंबा तापलेल्या कातळावर ठेवायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा. झाडावर जास्त राखला की साका धरतो, आतला गर बिघडतो, हे खंडवाल्याला मी सांगायला लागले तर तो हसला. म्हणाला, "ताई, हे मला बाबांनीच शिकवलंय." मग मी गप्प बसले. पहिल्या तोडीतल्या पाच पेट्या घरच्या, त्या ठाण्याला पोचत्या करायच्या. दारातला पायरी आंबा आणि विहिरीकडचा रायवळ खंडात धरलेला नाही. त्या दोन झाडांना कोणी हात लावायचा नाही असं कागदावर लिहून घेतलंय. तसं लिहिताना दादासुद्धा जरा वेळ काही बोलला नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठाण्याला काय बघायचं, सिमेंट? बाबा, तुम्ही दर वेळी गणपती झाल्यावर किंवा दिवाळीला येता आणि चार दिवसांत परत जाता. उन्हाळ्यातलं ठाणं तुम्ही पाहिलेलंच नाही. मीही पहिली काही वर्षं बघितलं नव्हतं. मे महिना म्हणजे गाव, एवढंच डोक्यात. छोटीची शाळा सुरू झाल्यापासून सकाळी तिला सोडून उपवनच्या बाजूने चालत येते, तेव्हापासून लक्ष जायला लागलं.

तुम्ही याल तेव्हा काटेसावर संपत आलेली असेल. पण पळस, पांगारा असतील, आणि येऊरच्या उतारावर कुसुमाला नवी पालवी फुटलेली असेल, इतकी लाल की लांबून फूलच वाटतं. छोटी अजून फूलच म्हणते. तुम्ही तिला समजावा, माझं ती ऐकत नाही. येऊर हा बोरिवलीच्या नॅशनल पार्कचाच ठाण्याकडचा भाग, त्यामुळे वनखात्याच्या गेटातून आत गेलं की खरं रान आहे. सकाळी म्हातारी माणसं काठ्या घेऊन फिरायला जातात. त्यांच्यात तुम्हाला दोन दिवसांत दोस्त मिळतील, एखादा संगमेश्वरचा तर नक्की निघेल. एकट्याने आत लांब जायचं नाही मात्र. बिबटे आहेत, आणि तुम्ही "मी काय बिबट्या बघितला नाही का" म्हणणार हेही मला माहीत आहे.

एप्रिल उतरणीला लागला की बहावा. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला एक आहे, वर्षभर त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्या पंधरवड्यात लोक फोन काढून उभे असतात. त्याच सुमाराला ताम्हण फुलतो. आई, आपलं राज्यफूल, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागेच जांभळं होतं झाड. तुला आपल्या पऱ्ह्याकाठचा ताम्हण आठवेल, तो ज्याच्या खाली आत्याचं ते प्रकरण झालं. मग गुलमोहर. बाबा त्याला फिरंगी म्हणतात. मादागास्करहून आलेला आहे हे खरं, पण रस्त्यावर सावली त्याचीच असते, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. सोनमोहराचा पिवळा सडा पडतो, दुपारी त्याचा वास येतो. दादा म्हणतोय की तुम्ही वेळेत आलात तर विक्रोळीला हायवेच्या कडेची गुलाबी टॅबेबुयाची रांग गाडीतून दाखवीन. तोही परदेशीच, बाबा. तुम्ही चष्मा काढून बसा.

खाडीत रोहित असतात तोवर. ठाण्याच्या खाडीचं 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये तिला महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात येतात, मे संपेपर्यंत बरेचसे इथेच. ऐरोलीच्या केंद्रावरून बोट सुटते, पण भरती-ओहोटी बघूनच. तुम्हाला तिथीवरून भरतीची वेळ तोंडपाठ काढता येते, म्हणून बुकिंग तुमच्यावर सोपवते. बोटीत उडी मारून चढायचं नाही, हात धरायचा. जावयांचा नको वाटला तर छोटीचा धरा.

मे अर्धा झाला की स्टेशनकडच्या बाजारात येऊरच्या पाड्यांवरच्या बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. मी एकदा भाव कमी करायला गेले आणि तिथल्या आजीने माझ्याकडे असं बघितलं की आई, तूच आठवलीस. आंब्याचं मात्र अवघड आहे. इथे देवगड छापलेल्या खोक्यात कर्नाटकातला आंबा सर्रास भरतात, आणि लोक वासही न घेता पेटी उचलतात. तुम्ही आलात की बाजारात चार माणसांशी भांडण होणार हे मी गृहीत धरलंय. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड, पालघर आणि ठाणे जिल्हाही आहे, हे वाचून तुम्ही किती हसला होतात! आता त्याच ठाण्याचं पाणी प्यायला या.

गरम होतं, ते लपवत नाही. समुद्र आपल्यासारखा दारात नाही. मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोर धरून बसला की खारा वारा दुपारी उशिरा आत शिरतो, त्या दिवशी अंग भाजतं. पण तुमची खोली डोंगराच्या बाजूची आहे, संध्याकाळी खिडकीत बसवतं. एसी लावलाय, लावला नाही तरी चालेल. पंखा नवा आहे, आवाज करत नाही. गादी कापसाची भरून घेतली, स्पंजची काढून टाकली. मोरीत धरायला दांडा बसवला आणि कमोडही आहे, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांचा प्रश्न नाही. आईसाठी तांब्याची कळशी, पाटा नाही पण खलबत्ता आहे. माठ कुंभाराकडून आणलाय, वाळा तू येताना आण. पेपर सकाळी साडेसहाला दारात पडतो. लिफ्ट आहे, आणि लाइट गेली तर तिला जनरेटर आहे. कौपिनेश्वराचं देऊळ रिक्षाने जवळ, पाडव्याला त्याची पालखी निघते. आपल्यासारखी नाचत नाही, तरी आईला बघायला आवडेल. मधुमेहाचे डॉक्टर आमच्या समोरच्याच इमारतीत बसतात, पण ते आपण नंतर बघू.

बाबा, मला अजून कोयीची पिपाणी वाजवता येत नाही. तुम्ही दर वर्षी घासून द्यायचात आणि मी फुंकून फुंकून रडायची. माडीवर अढी लावली की मला तिच्या शेजारी झोपायचं असायचं. पेंढ्याचा आणि आंब्याचा तो एकत्र वास, आणि रात्री तुम्ही कंदील घेऊन पिकलेले निवडायला यायचात. मी झोपल्याचं सोंग घ्यायची. तुम्हाला ते कळायचं, कारण जाताना पांघरूण ओढून द्यायचात. देवाला दाखवल्याशिवाय पहिला आंबा कापायचा नाही, हा नियम मी इथे पाळते. छोटीसुद्धा विचारते, "देवाने खाल्ला का?" यंदा तिला हे सगळं तुमच्याकडून हवंय. माझ्याकडे तुमच्यासारखा वेळ नाही आणि सांगायची हातोटीही नाही.

आता नीट ऐका. प्रेशरची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आईने मोतीबिंदूचे थेंब संपले तरी बाटली आणावी, नाव बघायला. शिमग्यात पालखी खांद्यावर घ्यायची नाही, हात लावला की पुरे. गुरवाला दादाने फोन केलाय, तोच तुम्हाला आवरेल. इथे आल्यावर बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही. पन्ह्यात मीठ चिमूटभरच. लिंबाची फोड तोंडात धरून उन्हात फिरणं बंद. गाडीत खिडकीशी बसून मान बाहेर काढायची नाही, आणि रत्नागिरी स्टेशनवर सामान स्वतः उचलायचं नाही. हमालाचे पैसे मी देणार आहे, त्यावर चर्चा नको.

भाटी मांजरीला आणि तिच्या पिल्लांना शेजारी दूध घालतील. तुळशीला पाणी तीच मुलगी घालेल जी गेल्या वर्षी घालत होती. पायरीचा आंबा झाला की ती फोटो पाठवणार आहे, रोज. बाबा, तुमची रोजनिशी न विसरता आणा. मोहोर कधी आला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, वळवाचा पाऊस कुठल्या तारखेला पडला, हे ठाण्याचंही कोणी लिहून ठेवायला हवं. मेच्या शेवटी येऊरमध्ये नवरंग येतो. हिरवा-निळा, पोटाशी लाल, पावसाच्या तोंडावर शीळ घालतो. मी ऐकलाय, पण अजून दिसला नाही. तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले.

पाऊस मात्र कधी येईल सांगता येत नाही. 2025 ला 26 मेलाच मुंबईत मोसमी पाऊस आला आणि झाडावरचा आंबा राहिला तसाच राहिला, तुम्हाला ती हळहळ आठवते. यंदा तसं झालं तर ती चिंता खंडवाल्याची. हे वाक्य तुम्हाला आवडणार नाही, तरी लिहिते.

परत जायची तिकिटं अजून काढलेली नाहीत. तुम्ही इथे आल्यावर दोघांनी मिळून तारीख सांगा, त्याच तारखेची काढेन, अडवणार नाही. आईला लावणीआधी घरी पोचायचं असेल तर तसंही.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
नमू

ता. क. आई, लोणच्याचा मसाला करून आण, कैऱ्या इथे घेऊ. आणि बाबांनी पत्र वाचून काय म्हटलं ते मला वेगळा फोन करून सांग, ते अंघोळीला गेले असताना.