परिणीताची शेवटची पानं मिळाली, काका तुमचे खूप आभार

लायब्ररीवाल्या काकांना सप्रेम नमस्कार,

काका मी ती मुलगी, जी शरदबाबूंच्या (बंगाली कादंबरीकार शरदचंद्र चट्टोपाध्याय) परिणीताची फाटकी प्रत घेऊन आली होती, शेवटची पानं नसलेली. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला बंदी, म्हणून रोज रात्री मी तिला वाचून दाखवायचे आणि नेमकं नायिका ललिताशी ज्याचं लग्न होणार होतं तो गिरीन घराच्या व्यवहारासाठी नायक शेखरकडे येतो तिथेच पुस्तक संपलं. आजीने हे शाळेत असताना वाचलेलं, पण मधे २००५ चा पिक्चर बघितला त्यामुळे तिच्या डोक्यात शेखर भिंत फोडतो तोच शेवट, आणि तरी सारखी म्हणायची, "नाही गं, पुस्तकात एवढा आरडाओरडा नव्हता."

तुम्ही काहीही न विचारता मागचं बंद कपाट उघडलंत, अर्धा तास धूळ झटकत शोधलंत आणि जुनी प्रत हातात दिलीत, वर डिपॉझिटही घेतलं नाहीत. "आधी आजींना वाचून दाखव" म्हणालात.

काका, आजीचं बरोबर निघालं. भिंत फोडणं वगैरे काही नाही. गिरीन नुसता सांगतो की ललिता म्हणाली माझं लग्न झालंय, म्हणून मी तिच्या मामेबहिणीशी, अन्नाकालीशी केलं, आणि शेखरला तिथे कळतं की त्या संध्याकाळी बाहुलीच्या लग्नाच्या गडबडीत घातलेली माळ ती इतकी वर्षं खरी मानून बसलीय, कोणाला एक शब्द न बोलता. मी वाचताना थांबले तर आजी डोळ्याला पट्टी लावलेली तशीच म्हणाली, "तेरा वर्षांची पोर होती गं ती." मग बराच वेळ आम्ही दोघी गप्पच.

मला आधी ही नुसती लव्हस्टोरी वाटायची. पण १९१४ सालच्या या पुस्तकात कलकत्त्यातली शेजारशेजारची दोन घरं आहेत, एका घरात साठ रुपये पगाराचा बँकेतला क्लार्क, पाच मुली आणि आईबाप नसलेली भाची ललिता, दुसऱ्यात त्याचं घर गहाण ठेवून घेतलेला शेखरचा बाप नवीन राय, आणि ललिताकडे मात्र शेखरच्या कपाटाची चावी, लागतील तेवढे पैसे ती स्वतः काढून घेते. प्रेम त्या चावीतच आहे असं मला वाटतं, माळ नंतरची. पिक्चरने गोष्ट १९६२ मध्ये नेली, छान आहे तो, पण ब्रिटिशांच्या काळातल्या त्या क्लार्कचा मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा धाक मला पुस्तकातच जाणवला.

आजी म्हणते मामा वरेरकरांनी शरदबाबू मराठीत आणले म्हणून आमच्या पिढीला ते आपल्याच गल्लीतले वाटले. तुम्ही तिला ते परत दिलेत काका, मनापासून थँक्यू.

प्रत शनिवारी आणून देते, नवीन कव्हर घातलंय. आजीने विचारलंय, त्याच कपाटात शरदबाबूंची दत्ता कादंबरी आहे का?

तुमची,
फाटकं पुस्तक घेऊन आलेली मुलगी