काकू, तुम्ही तिच्या मागे धावला नाहीत

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

आमची कुत्री चिंगी बरी आहे. पुढच्या उजव्या पायाची जखम भरत आली आहे, रात्री सलग झोपते, आणि काल तिने पहिल्यांदा स्वतःहून चेंडू तोंडात धरून आणला. हे सगळं तुम्हाला फोनवर कळतंच. पण फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "अगं, मी नुसती बसून तर होते" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुमचं ते बसून राहणं किती मोठं होतं हे मला नीट सांगायचं आहे. उद्या कुणाच्या दारात असंच घाबरलेलं कुत्रं येऊन उभं राहिलं, तर त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

त्या रात्री वीज अगदी जवळ पडली, वाऱ्याने फाटक उघडलं आणि चिंगी सुसाट सुटली. वर्षानुवर्षं ज्या रस्त्याने ती फिरायला जायची, तो रस्ता सोडून भलतीकडेच. पुढचे काही आठवडे कसे गेले ते फार लिहीत नाही. ज्यांचं जनावर हरवलंय त्यांना ते ठाऊक असतं, बाकीच्यांना सांगून कळत नाही. पोस्टर लावली, जनावरांच्या सगळ्या दवाखान्यांत फोटो दिले, पहाटे आणि रात्री उशिरा रस्ते शांत असताना शोधत फिरलो. अमेरिकेतली एक पाहणी माझ्या वाचनात आली होती, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के परत मिळाले होते, आणि जवळजवळ निम्मे घराच्या आसपास शोधूनच. तो आकडा मी मनाशी घट्ट धरून ठेवला होता. पण आठवडे उलटत गेले की उरलेले सात टक्केच डोळ्यांसमोर यायला लागतात.

धीर देणारे म्हणत, कुत्रं घराची वाट विसरत नाही, येईल आपोआप. त्यात तथ्य नाही असं नाही. अमेरिकेतला बॉबी नावाचा कुत्रा १९२३ च्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यात हरवला आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये ओरेगनला आपल्या घरी पोहोचला, सुमारे चार हजार किलोमीटर तुडवून. चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांनी शिकारी कुत्र्यांवर केलेला एक अभ्यासही २०२० मध्ये छापून आला. जंगलात मालकापासून दूर गेलेली काही कुत्री आल्या वाटेचा वास घेत माघारी येत होती, पण काही नवीच वाट धरत होती, आणि त्यातली बरीचशी निघण्यापूर्वी उत्तर-दक्षिण दिशेत वीसेक मीटर धावून घेत होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून ती दिशा लावत असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. हे वाचून मला खूप बरं वाटलं होतं. तरी एक गोष्ट मनातून जात नव्हती: ती कुत्री शांतपणे, आपल्या मर्जीने गेली होती. जीव मुठीत घेऊन पळालेली चिंगी वाट कुठे लक्षात ठेवणार?

आणि ती दिसत होती, काकू. कुणाला इथे, कुणाला तिथे. लोक चांगल्या मनाने तिला हाका मारत, दोन-तीन जण मिळून घेरायला बघत, एकाने तर गाडीने पाठलाग केला. दर वेळी ती आणखी लांब गेली. आम्हाला मदत करणाऱ्या प्रशिक्षकांनी तेव्हा एक गोष्ट समजावून सांगितली. बरेच दिवस बाहेर राहिलेलं घाबरट कुत्रं फक्त जिवंत राहण्यापुरतंच बघतं. खाणं, पाणी, लपायला जागा. माणूस जवळ येणं म्हणजे धोका, एवढंच त्याला उरतं. कधी कधी घरची माणसंसुद्धा त्यातून सुटत नाहीत. हाक, टाळी, शिट्टी, नावाचा पुकारा, यातलं काहीही त्याला पळवू शकतं. हे ऐकल्यावर मी पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दिसल्यास पाठलाग करू नका, हाक मारू नका, फक्त कळवा.

तुम्ही ते पोस्टर पाहिलंच नव्हतं. तुमच्यापर्यंत ते पोहोचायचं कारणच नव्हतं, इतकी ती लांब आली होती.

घरामागच्या मोकळ्या जागेत तुम्हाला ती दिसली तेव्हा हाडं वर आलेली, अंगावर गोचिड्या, एक पाय उचलून चालणारी. शेजारचे म्हणाले, भटकं आहे, हाकला. दुसरं कुणी म्हणालं, आजारी म्हणून कुणीतरी सोडून दिलं असेल. तुम्ही मात्र खिडकीतून तिच्या मानेकडे बघत राहिलात. केस मळलेले, गुंता झालेले, पण गळ्याभोवतीची केसांची एक पट्टी नीट दबलेली. जिथे वर्षानुवर्षं पट्टा असतो तिथेच केस असे बसतात. पट्टा कुठेतरी अडकून निघून गेला होता, त्याची खूण राहिली होती. ती पाहून तुम्ही शेजाऱ्यांना म्हणालात, "ही कुणाची तरी आहे. कुणीतरी शोधत असेल हिला." काकू, त्या क्षणी आम्ही कितीतरी लांब, दुसऱ्याच दिशेला शोधत होतो, आणि आम्हाला न ओळखणारं एक माणूस आमची बाजू घेऊन बोलत होतं. हे तुम्ही मला सहज बोलता बोलता सांगितलंत. मला ते ऐकून उभं राहवलं नव्हतं.

मग तुम्ही जे केलंत ते करायला मला तरी फार जड गेलं असतं. रोज त्याच वेळी, त्याच जागी थोडंसं खाणं आणि पाणी ठेवायचं आणि निघून जायचं. ती यायला लागल्यावर लांब खुर्ची टाकून बसायचं, तिच्याकडे पाठ नाही पण तोंडही नाही, आडवं. हातात विणकाम. तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. कुत्र्याच्या जगात रोखून बघणं आणि समोरून सरळ चालत येणं याचा अर्थ चांगला नसतो, आणि तुम्ही ते दोन्ही टाळलंत. रोज खुर्ची जराशी पुढे. एखाद्या दिवशी ती बिचकली की परत मागे. ती जांभया देते, सारखी ओठ चाटते, असं तुम्ही मला नंतर सांगितलंत. कंटाळा किंवा भूक नव्हे, मनावर ताण असला की कुत्री असं करतात. तुम्ही ते ओळखून त्या दिवशी तिथेच थांबायचात.

एक दिवस तिने तुमच्या लोकरीच्या गुंड्याचा वास घेतला. दुसऱ्या दिवशी तुमच्या पायाशी बसली. तरीही तुम्ही तिला धरलं नाहीत! मी हे कितीदा आठवते. आठवड्यांच्या शोधानंतर ती हाताच्या अंतरावर असती तर झडप घातल्याशिवाय कुणाला राहवलं असतं? ती आपण होऊन मांडीवर डोकं ठेवेपर्यंत तुम्ही वाट पाहिलीत, आणि मगच दोरीचा सैल फास तिच्या गळ्यात सरकवलात.

खाण्याच्या बाबतीतही तुम्ही घाई केली नाहीत. हाडांचा सापळा झालेलं जनावर बघून वाटतं, पोटभर खाऊ घालावं. पण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येऊ शकतं, आणि ते जिवावर बेततं. तुम्ही थोडं थोडं, दिवसातून अनेकदा दिलंत. डॉक्टर आम्हाला म्हणाले, ज्यांनी सांभाळलं त्यांनी हिला दोनदा वाचवलं.

दवाखान्यात नेल्यावर तुम्ही आधी चिप आहे का ते बघायला लावलंत. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप तिच्या खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली आहे. अनेकांना वाटतं, चिप आहे म्हणजे कुत्रं कुठे आहे ते नकाशावर दिसतं. तसं काही नसतं. तिच्यात बॅटरी नाही, ती स्वतःहून काहीच सांगत नाही. वाचणारं यंत्र जवळ धरलं की फक्त एक पंधरा आकडी क्रमांक उमटतो, आणि त्या क्रमांकापुढे मालकाचा चालू फोन नोंदलेला असेल तरच त्याचा उपयोग. अमेरिकेतल्या जनावरांच्या निवारागृहांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चिप असलेली निम्म्याहून थोडी अधिक कुत्री मालकाकडे परत गेली होती, तर दाखल झालेल्या सगळ्या भटक्या कुत्र्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. फरक केवढा आहे बघा. पण यंत्र धरायला आधी कुणीतरी कुत्र्याला तिथवर न्यावं लागतं, आणि ते कुणीतरी तुम्ही होतात.

दवाखान्यातून आमचा नंबर मिळाल्यावर तुमचा फोन आला. त्याआधी आम्हाला बरेच फोन येऊन गेले होते. कुत्रं आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा, मग फोटो देतो. असे फोन करणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, त्यांना या पत्रात जागा नाही. तुम्ही उलट आम्हालाच प्रश्न केलात: "तिच्या नखांबद्दल सांगा." मागच्या डाव्या पायाची सगळी नखं काळी आणि एकच पांढरं, हे मी सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "या, घेऊन जा." चिपचा क्रमांक जुळलेला असतानाही तुम्ही एवढी खात्री करून घेतलीत. आमच्यापैकी कुणाला त्याचा राग आला नाही. आपल्या लेकराला असंच कुणीतरी जपावं, असं वाटलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तुम्ही दारातच आम्हाला थांबवलंत. कुणी हाक मारायची नाही, अंगणात जाऊन खाली बसा, वारा तुमच्याकडून तिच्याकडे जाईल अशा बाजूला. आम्ही बसलो. चिंगी बाहेर आली, आमच्याकडे पाहिलं आणि जागीच थबकली. शेपूट पोटाखाली. माझा मुलगा माझा दंड घट्ट धरून बसला होता, पण त्याने तोंडातून आवाज काढला नाही. मग तिचं नाक हलायला लागलं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या वर. डोळ्यांनी जे पटलं नव्हतं ते नाकाने पटवलं. ती अंग जमिनीलगत ठेवून एकेक पाऊल आली, माझ्या मुलाच्या बाहीचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मग जो काही कल्ला सुरू केला तिने! ओरडणं, रडणं, चाटणं, गोल गोल पळणं, सगळं एकदम, लंगड्या पायाने. तुम्ही तेवढ्यात आत गेलात. पाणी आणायला जाते म्हणालात, आणि बऱ्याच वेळाने आलात. तुमचे डोळे लाल होते ते आम्ही पाहिलं. तुमचाही तिच्यावर जीव जडला होता. तरी तुम्ही दोरी माझ्या हातात दिलीत.

या गोष्टीचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. पोस्टरवर लिहिलेली बक्षिसाची रक्कम तुम्ही घेतली नाहीत, दवाखान्याचा खर्चही मोठ्या मुश्किलीने घेतलात. तुम्ही आम्हाला नुसती चिंगी परत दिली नाही, तिचा माणसावरचा विश्वासही शाबूत ठेवून दिलात. डॉक्टर सांगतात, जबरदस्तीने फास टाकून, कोंडून, मारझोड करून पकडलेली कुत्री घरी आल्यावरही महिनोन्महिने कोपऱ्यात बसून राहतात. चिंगी दुसऱ्याच दिवशी पोट वर करून झोपली होती. ते तुमचं काम आहे.

बाकीचं थोडक्यात कळवते. गोचिडीतापासाठी रक्त तपासलं, सुरुवातीचा संसर्ग सापडला, औषध चालू आहे आणि उतार आहे. बाहेर इतर जनावरांशी संबंध आला असेल म्हणून रेबीजचा डोस पुन्हा दिला. तुम्ही तिच्या गोचिड्या काढल्या होत्यात, म्हणून तुम्हीही एकदा तुमच्या डॉक्टरांना दाखवून या, हे मी फोनवर सांगितलं होतं. गेलात का? नसाल तर या आठवड्यात नक्की जा. आणि तिचे पंजे हाताळताना तुम्हाला ओरखडा उठला होता, तोही त्यांच्या कानावर घाला, अंगावर काढू नका.

एक विचारायचं राहिलं. चिपच्या नोंदीत दुसऱ्या संपर्काची जागा असते. आमचा फोन लागला नाही तर कुणाला कळवायचं, यासाठी. आम्ही सगळ्यांनी मिळून तिथे तुमचा नंबर द्यायचं ठरवलंय. चालेल ना? तुमचा होकार आला की लगेच नोंद करून घेते.

तुमची,
चिंगीच्या घरची सगळी मंडळी