फोन घेऊन सीमेवर जाण्याआधी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद,

अमेरिकेत उतरल्यावर फोन तपासायला मागितला तर काय करायचं, हे निघण्याच्या आठवडाभर आधीच ठरवून ठेव. कस्टम्सचे अधिकारी तिथे वॉरंटशिवाय फोन बघू शकतात. पासवर्ड दिला नाही म्हणून त्यांच्या नागरिकाला ते देशाबाहेर ठेवू शकत नाहीत, फार तर फोन ठेवून घेतील. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस, तुला मात्र परत पाठवू शकतात. त्यामुळे सगळा भर फोनमध्ये काय न्यायचं यावरच दे.

त्यांच्या 2018 च्या नियमावलीत तपासणी दोन प्रकारची आहे. एकीत फोन नुसता हाताने चाळतात, त्याला संशयाचं कारण लागत नाही. दुसरीत यंत्र जोडून आतली माहिती काढतात. त्यासाठी वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण आणि वरिष्ठांची मंजुरी लागते. दोन्हींत नेट बंद ठेवून फक्त फोनमध्ये साठवलेलंच बघायचं, असा नियम आहे. इथेच बहुतेक जण फसतात. मेल क्लाउडवर असले तरी अॅपने त्यांच्या प्रती फोनमध्ये उतरवलेल्या असतात. म्हणून जे न्यायचं नाही त्या खात्यातून नुसतं लॉगआउट होऊन थांबू नकोस, अॅपच काढून टाक. फोटो पुसलेस तरी आयफोनमध्ये ते ‘नुकतेच हटवलेले’ या अल्बममध्ये 30 दिवसांपर्यंत राहतात, तोही रिकामा कर. अर्थात हे सगळं बॅकअप घेऊन, तो खरंच उघडतो का ते पाहून मगच.

रांगेत उभं राहून काहीही पुसू नकोस आणि खोटं बोलू नकोस, खोटं बोलणं हा वेगळाच गुन्हा होतो. व्हिसाच्या अर्जात लिहिलेली सोशल मीडियाची खाती बंद करू नकोस. जून 2025 पासून विद्यार्थी व्हिसासाठी ती सार्वजनिक ठेवायला सांगतात.

विमान उतरण्याआधी फोन आणि लॅपटॉप पूर्ण बंद कर. लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटलं तर कूटबद्धतेची, म्हणजे आतली माहिती कुलूपबंद ठेवण्याची, किल्ली मेमरीत तशीच राहू शकते. बंद करून सुरू केलेला फोन पहिल्यांदा चेहऱ्याने किंवा बोटाने उघडत नाही, पासकोडच लागतो. तो अक्षरं आणि आकडे मिळून लांब ठेव. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजमधली) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅकमधली) ही कूटबद्धतेची सोय चालू आहे ना, ते आजच बघ.

फोन ठेवून घेतलाच तर 6051डी या फॉर्मची पावती माग. साधारण 5 दिवसांची मर्यादा आहे, पण ती वाढवता येते. मला खरी काळजी याच दिवसांची वाटते, कारण ओटीपी येणार त्याच फोनवर. बँक आणि मेलचे बॅकअप कोड, आय-20 (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद), राहण्याचा पत्ता, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा नंबर, हे सगळं कागदावर हातातल्या पिशवीत असू दे. नजरेआड गेलेला फोन परत मिळाला की आधी फॅक्टरी रीसेट कर आणि दुसऱ्या उपकरणावरून सगळे पासवर्ड बदल. त्यानंतरच त्यावर लॉगिन कर.

तुझी आई