पदवीच्या विद्यार्थ्यांनाही महासंगणकाचे तास द्या

महोदय,

चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्प आल्यापासून आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयांतली बरीच मुले संगणकीय रसायनशास्त्राकडे, म्हणजे रेणूंचे गुणधर्म प्रयोगाऐवजी संगणकावर गणना करून काढण्याकडे, वळत आहेत. त्यामागे हौसेइतकीच अडचणही आहे, कारण रसायनांना पैसे नसतात आणि लॅपटॉप मात्र घरी असतो. अशा गणना करणारे ‘ओर्का’सारखे सॉफ्टवेअर शिक्षणासाठी फुकट मिळते, अडते ते गणनेच्या आकारापाशी. अचूकतेसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या कपल्ड क्लस्टर पद्धतीत रेणू दुप्पट झाला की काम सुमारे १२८ पट होते. गेल्या मे महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीने लॅपटॉप दोन विटांवर ठेवून, समोर टेबलफॅन लावून, त्याहून पुष्कळ हलकी अशी एक गणना तीन रात्री चालवली. चौथ्या रात्री वीज गेली. बॅटरी आधीच निकामी होती.

प्रत्येक महाविद्यालयाला सर्व्हर घेऊन देणे हा यावरचा उपाय नव्हे. प्रकल्प सादर करायच्या दोन महिन्यांत त्याच्यापुढे रांग लागते आणि उरलेले वर्ष तो प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहतो, कारण तो सांभाळणारा माणूस कुणी नेमत नाही. अमेरिकेतील पदवी महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र प्राध्यापकांनी २००० साली ‘मर्क्युरी’ हा संघ स्थापन केला तो नेमका यासाठी. यंत्र सामाईक, ते सांभाळणाराही सामाईक, आणि काम आपापल्या गावातून.

आपल्याकडे यंत्रांची वानवा नाही. ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम २०१५ साली मंजूर झाली, तिच्यातला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत आहे. मोठ्या रेणूचे तुकडे करून साध्या यंत्रांवर त्याची गणना करण्याची ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ पद्धत डॉ. श्रीधर गद्रे यांच्या गटाने पुणे विद्यापीठातच विकसित केली. अपुऱ्या साधनांतून वाट काढण्याची ही परंपरा मोठी आहे, पण तिच्या आधारावर पदवीच्या मुलांना कायम विटांवरच्या लॅपटॉपवर ठेवणे योग्य नाही.

राज्याच्या उच्च शिक्षण विभागाने महाविद्यालयांचा असा एक संघ करून, सार्वजनिक महासंगणकांच्या वेळेतला एक टक्का जरी त्याच्यासाठी मागून घेतला, तरी सुरुवात होईल. लॉगिन मार्गदर्शक शिक्षकाच्या नावावर असावे, आणि रांगेतले काम अडले तर फोन उचलणारा एक पगारी माणूस असावा. यंत्रापेक्षा या माणसाची तरतूद आधी व्हावी, असे मी अनुभवाने म्हणतो.

आपला,
रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक, जि. सांगली