बाबा, मी तुमच्या गोळ्या मोजल्या

बाबा, आई,

फोनवरच बोलले असते, पण फोनवर बाबा "हो गं, घेतो की" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात देतात, म्हणून लिहितेय. आणि आई, तू वाचून त्यांना थोडक्यात सांगायचं नाहीस, त्यांनाच वाचू दे.

बाबा, मागच्या आठवड्यात आले होते ना, तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी टॅक्रोच्या, म्हणजे आईची किडनी तुम्हाला बसवल्यापासून चालू असलेल्या टॅक्रोलिमसच्या, कॅप्सूल मोजल्या. चोरून मोजल्या, आलाच राग तर येऊ दे. हिशोबाने ६ उरायला हव्या होत्या, निघाल्या ११. म्हणजे पाच डोस गेलेच नाहीत. सकाळचा आई समोर उभी असते म्हणून जातो, रात्री तुम्ही "जरा वेळाने" म्हणता आणि ती झोपली की विषय संपला.

आधी डोकंच फिरलं माझं. मग आठवलं, त्या दिवशी फॉर्मवर सही करताना तुम्ही डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं होतं आणि मी बघतेय म्हटल्यावर पेन खराब आहे म्हणालात. हात थरथरतो म्हणूनच कमी करताय ना? बाबा, तुमचा संशय बरोबर असू शकतो, टॅक्रोलिमसने हात थरथरतात आणि रक्तातली औषधाची लेव्हल वाढली की जास्तच. पण मग डॉक्टरांना सांगा ना. ते लेव्हल बघून डोस कमी करू शकतात, किंवा दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी कॅप्सूल देऊ शकतात. (ती आपली आपण बदलायची नाही हां, नाव तेच असलं तरी दोन्हींचं काम वेगळं चालतं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली तरी आधी विचारायचं.) एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही, अशाने लेव्हल वर-खाली होत राहते आणि किडनीला ते सगळ्यात वाईट.

तुम्ही म्हणता तीन वर्षं झाली, आता किडनी रुळली असेल. नाही रुळत हो. १९५४ मध्ये बॉस्टनला पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते जुळ्या भावांमध्ये, अगदी हुबेहूब जुळे, म्हणून शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही आणि असल्या गोळ्याही लागल्या नाहीत. तुमचं आणि आईचं इतक्या वर्षांत छान जमलं, पण तुमच्या पांढऱ्या पेशींचं आईच्या किडनीशी कधी जमेल या भरवशावर राहू नका, त्यांना गोळीनेच दाबून ठेवायचं. आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, सुरू झालं की दुखतं वगैरे काही नाही, बऱ्याचदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की वाढतं ते) गुपचूप वाढत राहतं आणि पायाला सूज येईपर्यंत उशीर झालेला असतो. "मला तर काहीच होत नाही" हे कारण म्हणून चालणार नाही. किती केमिकल पोटात घालायचं म्हणता, तर ऐका, हे औषध १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. असल्या गोष्टी तुम्हाला आवडतात म्हणून सांगितलं.

आता ब्लड टेस्टचं. मागच्या वेळी तुम्ही सकाळी ८ ला गोळी घेऊन १० ला रक्त दिलंत आणि रिपोर्टला १६ आलं. डॉक्टर मॅडमनी डोस कमी करायला पेन उचललंही होतं, मग सहज विचारलं गोळी कधी घेतली. गोळी घेतल्यावर दोन-एक तास लेव्हल वर चढलेलीच असते, त्यांना हवी असते ती सगळ्यात खालची, म्हणजे रात्रीच्या डोसला १२ तास होत आले की, सकाळची गोळी घ्यायच्या आधी. त्या आकड्यावर डोस कमी झाला असता तर? आणि रात्रीची गोळीच घेतली नसेल तर उलटं, लेव्हल कमी दिसते, ते डोस वाढवतात, मग हात आणखी थरथरणार. म्हणजे तुम्ही लपवताय ते फिरून तुमच्याच हातावर येणार.

आई, आता तुझी पाळी. शेजारच्या काकूंनी दिलेली ती प्रतिकारशक्ती वाढवायची पावडर बाबांना अजिबात द्यायची नाही. अगं, सगळा खटाटोप ती प्रतिकारशक्ती आवरायलाच चाललाय! प्रेमाने दिली हे मान्य, डबा परत दे. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन असल्या पेनकिलर त्यांना नाही, आणि तुलाही आता एकच किडनी आहे तेव्हा तूही विचारल्याशिवाय घेऊ नकोस. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, त्याने लेव्हल वाढते. कुठलाही डॉक्टर अँटिबायोटिक किंवा बुरशीची गोळी लिहायला लागला की आधी सांगायचं ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रो चालू आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी लेव्हल एकदम चढते, टीबीच्या रिफाम्पिसिनने खाली येते. जुलाब झाले तरी फोन कर, त्यातही लेव्हल वाढू शकते. ताप १००.४ गेला की सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन. फ्लूची इंजेक्शनवाली लस विचारून घ्या, जिवंत जंतूंच्या लसी बाबांना नाहीत. आणि तुझं स्वतःचं बीपी आणि क्रिएटिनिन यंदा झालंय का? गप्प बसू नकोस, तारीख सांग.

डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल नाही, हॉस्पिटलमधल्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारायचं. स्टेरॉइडची छोटी गोळीही आपल्या मनाने बंद नाही.

रोज रात्री ८ ला मी व्हिडिओ कॉल करणार, बाबा, तुम्हाला पोरखेळ वाटेल, वाटू दे. आणि चुकवलेल्या पाच डोसांचं तुम्हीच उद्या कोऑर्डिनेटरला सांगा, नाहीतर मी सांगेन. मंगळवारी टेस्टला जाताना सकाळची कॅप्सूल शर्टाच्या खिशात ठेवा, रक्त दिलं की तिथेच बाकावर बसून घ्या. पाण्याची बाटली आईच्या पिशवीत असेलच.

तुमची,
चिऊ